बोंबलांशेजारी वाळलेली फुलं

टेरेझाबाईंच्या फुलांना सुक्या बोंबलाचा वास येतो, हे मला सहा वर्षं ठाऊक होतं आणि टेरेझाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेकीच्या, नादियाच्या, लग्नाच्या वेळी जो घोळ झाला तो एवढ्यावरून. त्यातला निम्मा दोष माझा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला अलगद सोडवून घेईन.

टेरेझाबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या, त्या अठ्ठ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात. गिरगावातली खोली सोडून आम्हाला भाईंदर पश्चिमेला येऊन दोन वर्षं झाली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. क्षितिजा तेव्हा सात वर्षांची होती आणि शाळेतून येताना ती खाडीकडे तर वळत नाही ना, हे बघायला मी रोज गॅलरीत उभी राहायची. शाळा घराच्या समोर, खाडी दीड किलोमीटर लांब. माझे यजमान गुणवंत म्हणायचे, "तिला खाडीत पडायचं असेल तर आधी रिक्षा करावी लागेल."

अशाच एका दुपारी दारात सुक्या बोंबलांची टोपली उतरवून एक बाई उभी राहिली. चौकड्यांचं लाल लुगडं, कानात जड सोनं, आणि अंबाड्यात पांढऱ्या फुलांचा झुबका. "आत या, पाणी घ्या," म्हटलं तर "हितंच बरा हाय," म्हणून उंबऱ्याबाहेरच बसली. मी बोंबील घेतले आणि राहवेना म्हणून विचारलं, "अंबाड्यातलं फूल कुठल्या झाडाचं हो?"

"ह्या झाडाचा," म्हणून त्यांनी हाताची दहाही बोटं माझ्यासमोर पसरली. मग खुदकन हसल्या. "हात लाव, बाय. फसलीस ना? समदी फसतान."

फूल ऑर्गंडीच्या कापडाचं होतं. वरून मेणाचा इतका पातळ हात, की पाकळी ओली वाटावी. टोपलीत बोंबलांच्या खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि तो असल्या फुलांनी भरलेला होता. मी संत्र्याच्या फुलांची एक डहाळी घेतली आणि शोकेसमध्ये मधोमध ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन महिपतचा बोका त्या शोकेससमोर बसलेला. हा बोका पूर्वी कधी तिसऱ्या मजल्यावर आला नव्हता. बोंबील डब्यात, डबा फडताळात, फडताळाला कडी. पण बोका फडताळाकडे ढुंकूनही बघेना. तो एखाद्या रसिकासारखा फुलांकडे एकटक बघत होता. मी जवळ जाऊन नाक लावलं आणि मला कळलं.

कारण मात्र टेरेझाबाईंच्या गावी, उत्तनला गेले तेव्हा कळलं. महिला मंडळाच्या हळदीकुंकवासाठी आणखी फुलं हवी होती, म्हणून पत्ता विचारत टेरेझाबाईंच्या घरी पोचले. घरासमोर समुद्राच्या अंगाला बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. त्यांच्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून शेकडो बोंबील लटकत होते, आणि मध्ये जिथे हातभर जागा रिकामी होती तिथे चिमट्यांना लावलेल्या पाकळ्या. पांढऱ्या, गुलाबी, फिकट पिवळ्या. तांदळाच्या पेजेची खळ दिलेल्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या.

"अख्ख्या उत्तनान् वारा हितंच चांगला लागतं," टेरेझाबाई अभिमानाने म्हणाल्या.

आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी चहा आणला आणि लाकडी पेटी उघडून पत्र्याचे साचे दाखवायला काढले. एकेका पाकळीचा एकेक साचा, बिस्किटाच्या डब्यांच्या पत्र्यातून कापलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. टेरेझाबाईंच्या आजीने लहानपणी कॉन्व्हेंटच्या शिवणखोलीत काम केलं होतं. तिथल्या एका सिस्टरने तिला कागदाची फुलं मेणात बुडवायला शिकवलं. आईने कागदाऐवजी ऑर्गंडी घेतली. उशीवर पाकळी ठेवायची आणि तापवलेला लोखंडी गोळा तिच्यावर दाबायचा, म्हणजे तिला खोलगट बाक येतो, ही युक्ती आईची. हळदीत रवा रंगवून पराग करायचे, ही टेरेझाबाईंची स्वतःची. हे सगळं त्या इतक्या आनंदाने सांगत होत्या, की उघडलेलं तोंड मी चहा प्यायला वापरलं.

त्याच हळदीकुंकवात मला "कृत्रिम फुलांचा इतिहास" या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. इतिहास घेऊन बी.ए. झाल्याची ही शिक्षा मी अधूनमधून भोगत असे. लायब्ररीतून टिपणं काढली आणि भाषणाआधी ती टेरेझाबाईंना वाचून दाखवली. जुन्या इजिप्तमध्ये शिंगाच्या पातळ चकत्या रंगवून फुलं करत, असं म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं.

"शिंगाला वास मारत असंल गो. कोणी घेत असंल ती फुलां?"

मला जोराचा ठसका लागला.

इटलीतल्या मठांमध्ये जोगिणी रेशमाच्या कोशांची फुलं करत, हे मात्र त्यांना लगेच पटलं. "त्याच त्या. आमच्या आजीला त्याच सिस्टरांनी शिकवलान," त्या म्हणाल्या. मधली काहीशे वर्षं आणि एक समुद्र त्यांनी एका वाक्यात ओलांडला. भाषणात मी ते वाक्य जसंच्या तसं वापरलं आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

त्यानंतर फुलांच्या मागण्या माझ्याकडे येऊ लागल्या, आणि माझ्या पापालाही तिथूनच सुरुवात झाली. आलेली फुलं मी चार दिवस गॅलरीत पसरून ठेवायची. आजूबाजूला कापराच्या वड्या, वर मलमलचं फडकं, आणि महिपतचा बोका येऊ नये म्हणून मी स्वतः राखणीला. चार दिवसांनी बोंबील जायचा आणि कापूर उरायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या मधुकांताबेननी टीव्हीवरच्या फ्लॉवरपॉटसाठी गुलाब नेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "नीलमबेन, आ फूलमां तो कपूरनी सुवास आवे छे!" त्या कांदा-लसूणही घरात आणत नसत. त्यांच्यापुढे मी पुढचे दोन आठवडे मान वर केली नाही.

कापराची कीर्ती उत्तनला पोचली. टेरेझाबाई म्हणाल्या, "भाईंदरला माज्या फुलांना कापराचा वास येतं बोलतान. हाताचा गुण हाय माज्या."

सांगायची वेळ आज येईल, उद्या येईल, असं करता करता सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत फुलांच्या जगात बरीच उलथापालथ झाली. आधी स्टॉकिंगच्या फुलांचे क्लास निघाले. आमच्या इमारतीत एकही बाई पायात स्टॉकिंग घालत नव्हती, पण प्रत्येकीच्या शोकेसमध्ये त्यांचे गुलाब होते. मीही एक केला होता, तो सगळ्यांना कोबी वाटायचा. मग भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये प्लॅस्टिकची फुलं साच्यातून निघू लागली. त्र्याण्णवच्या सुमाराला परदेशी कापडी फुलं आली, पाकळ्यांवर डिंकासारखे दवाचे थेंब चिकटवलेली. टेरेझाबाईंनी त्यातलं एक हातात घेऊन थेंब नखाने टोकरून पाहिला.

"दुपारचा एक वाजला तरी दव हाय. ह्यांचे देशान् सूर्य उगवत न्हाय का?"

पण त्यांचा खरा धंदा शोकेसचा नव्हताच. त्यांच्या आळीतल्या प्रत्येक नवरीच्या डोक्यावर गेली तीस वर्षं त्यांच्या हातचा क्राऊन असे. क्राऊन म्हणजे मेणात बुडवलेल्या संत्र्याच्या कळ्यांचं आणि फुलांचं पांढरं कडं, त्याच्यामागे जाळी. एकुलती एक मुलगी नादिया सहावीत होती, तेव्हापासून त्या तिच्या क्राऊनसाठी कळ्या जमवत होत्या. सगळ्यात नाजूक उतरलेली कळी विकायची नाही, नादियाच्या डब्यात टाकायची. नादिया आता चोवीस वर्षांची झाली होती, अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होती. वांद्र्याच्या स्टीवनशी लग्न ठरलं, पंच्याण्णवच्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. तीन आठवडे उरले असताना नादियाने सांगितलं, की क्राऊन ती वांद्र्याच्या दुकानातून घेणार आहे. दवबिंदूवाला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील मोझेसभाऊ आमच्या दारात. होडीवर आयुष्य गेलेला माणूस, शब्द मोजून वापरणारा.

"चल, बाय. तुला साक्षीला बोलवलंय."

"कसल्या साक्षीला?"

"चल तर."

जाताना बसमध्ये मी चौदा प्रकारच्या संकटांचा विचार केला. पंधरावं संकट त्यांच्या ओटीवर वाट बघत होतं. टेरेझाबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या, नादिया खांबाला टेकून, आणि मध्ये स्टुलावर तो क्राऊन. इतकी सुंदर वस्तू मी त्यांच्या हातची आधी कधी पाहिली नव्हती. मोझेसभाऊ गुपचूप दारात बसून जाळं विणायला लागले.

"बोल आता बाईसमोर," टेरेझाबाई लेकीला म्हणाल्या.

"मम्मी, वास येतो. किती वेळा सांगू? माझ्या फर्स्ट कम्युनियनला चर्चमध्ये तू केलेला क्राऊन घातला, तर वांद्र्याच्या कझिन्स मला दिवसभर बोंबील क्वीन म्हणत होत्या. आता त्याच सगळ्या लग्नाला येणार आहेत."

"सोला वर्सां झाली त्याला!"

"कम्युनियनला सोळा वर्षं झाली. वास अजून ताजा आहे."

"मना कसा येत न्हाय? तुजे पप्पाला कसा येत न्हाय?"

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही त्यातच राहता!"

टेरेझाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही भाईंदरची बाय. सहा वर्सां माजी फुलां नेतं. शिकलेली हाय, इजिप्तचा पण समदा ठाव हाय तिला. सांग बाय, सहा वर्सांन् कवा एकीने तरी तक्रार केली?"

नीट पाहिलं तर उत्तर सोपं होतं. एकीनेही केली नव्हती. "नाही" एवढं म्हटलं असतं तर खोटंही झालं नसतं. पण नादिया माझ्याकडे बघत होती. मागच्या वर्षी ऑफिसला जाताना ती एकदा फुलांचा डबा पोचवायला आमच्याकडे आली होती आणि गॅलरीतला माझा कापराचा कारखाना तिने पाहिला होता. तेव्हा ती काही बोलली नाही. आताही बोलत नव्हती. उद्या क्षितिजा माझ्याशी भांडेल आणि खरं तिच्या बाजूला असेल, तेव्हा शेजारची एखादी भिडस्त बाई माझी मर्जी राखायला गप्प बसली तर, असं माझ्या मनात आलं.

मी सांगितलं. बोका, गॅलरी, मलमलचं फडकं, कापूर, मधुकांताबेन, सगळं.

मोझेसभाऊ जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "मी बोललेलो. कापराचा झाड उत्तनला न्हाय."

टेरेझाबाईंनी क्राऊन डब्यात ठेवला, झाकण लावलं. "म्हणजे सहा वर्सां तू माज्या फुलांच्या पाठी धूप घालत होतीस."

"टेरेझाबाई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी—"

"बस येल तुजी आता. जा, बाय."

चहा न पाजता त्यांनी मला पहिल्यांदाच पाठवलं. मी घरी येऊन रडले. गुणवंत म्हणाले, "खरं बोलायची सवय नसली की पहिल्या वेळी त्रास होतो."

चौथ्या दिवशी दारावर थाप. टेरेझाबाई. टोपली नाही, फक्त पत्र्याचा डबा. चेहरा काही सांगत नव्हता.

"त्यो बोका कटे हाय?"

महिपतला हाक मारून बोका वर मागवला. टेरेझाबाईंनी जिन्यातल्या लादीवर तीन वस्तू ओळीने मांडल्या: वांद्र्याच्या दुकानातलं दवबिंदूवालं फूल, माझा स्टॉकिंगचा कोबी, आणि क्राऊन. बोका दवबिंदूवरून पुढे गेला. कोबी त्याने पायाने बाजूला सारला. क्राऊनपाशी आला, डोळे मिटले, गाल घासला आणि कड्याच्या मधोमध वेटोळं करून बसला.

टेरेझाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "ह्यो खरा बोलतंय," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याला काय माजी भीड न्हाय."

मी बोक्याला उचलायला वाकले.

"घे, तुलाच," त्या बोक्याला म्हणाल्या. "तुजी नवरी आण आता." मग माझ्याकडे वळल्या. "सतरा दिवस हायत. तुजी गॅलरी मना दे."

हा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळच्या बसने यायला लागल्या. उंबरा ओलांडताना एकदा शिंकत, आणि लुगड्याचा वास नको म्हणून आल्या आल्या माझी धुतलेली साडी नेसत. कापड नवं, मेण नवं, तार नवी. उत्तनहून आणली ती फक्त साच्यांची पेटी आणि लोखंडी गोळा, तेही साबणाने तीनदा घासून. आमच्या कपड्यांच्या दोरीवर पाकळ्या वाळू लागल्या आणि आमचे कपडे खुर्च्यांवर. गॅसवर मेण वितळत असताना मी पाण्याची बादली घेऊन मागे उभी राहायची. "बाय, बादली ठेव. मी तीस वर्सां मेण तापवतंय, माजा घर अजून उभा हाय," असं त्या रोज सांगायच्या आणि मी रोज बादली दुसऱ्या हातात घ्यायची. आठवीतली क्षितिजा भूमितीची वही समोर ठेवून पाकळ्या कापायची आणि विचारलं की म्हणायची, "वर्तुळच करतेय ना!" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे आलेल्या बायकांना बसायला जागा नव्हती, त्या उभ्याने हळदकुंकू घेऊन कळ्या बघायला गॅलरीत शिरल्या. मधुकांताबेन तर रोज यायच्या आणि रव्याचे पराग चिकटवायला शिकल्या. सगळं खरं समजल्यावर त्यांनी टीव्हीवरचे गुलाब मला परत केले होते. पण नव्या फुलांना मासळीचा स्पर्श नाही, हे पाहून त्यांचाही राग गेला.

टेरेझाबाईंची नाजूक कळ्यांची बारा वर्षांची पुंजी बोक्याकडे गेली होती. सतरा दिवसांच्या आत तेवढ्याच कळ्या पुन्हा वळायच्या होत्या. शेवटी शेवटी त्यांच्या बोटांची टोकं मेणाने पोळून लाल झाली. मी मलम लावू म्हटलं तर म्हणाल्या, "मलमाचा वास येल."

लग्नाच्या तीन दिवस आधी क्राऊन तयार झाला. नादिया ऑफिस सुटल्यावर परस्पर आमच्याकडे आली. आमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळ्या परीक्षेचा निकाल लागावा तशा उभ्या. टेरेझाबाई पोळलेली बोटं माझ्याच साडीच्या पदरात गुंडाळून एका कोपऱ्यात. नादियाने क्राऊन उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग दुसऱ्या बाजूने. मग पुन्हा पहिल्या.

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे.

"काय गो?" टेरेझाबाईंनी कोपऱ्यातून विचारलं. "अजून येतं?"

"बोंबलाचा नाही येत." नादियाला हसू आवरत नव्हतं. "हिंगाचा येतोय, मम्मी! फोडणीचा. थोडा लसूण पण आहे."

"माझ्या घरात कसलाही वास येत नाही!" मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षितिजाने छताकडे. मधुकांताबेननी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू सांगितलं, की आमची फोडणी जिन्यात खालपर्यंत येते. आठ वर्षं येते. त्या कधी बोलल्या नाहीत, एवढंच.

टेरेझाबाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बाय, रागावू नको. तुजे घरान् पाय ठेवला का मना शिंक येतं. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर सहा वर्सां मी दाराबाहेर बसतंय!"

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटंल म्हणून," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.

नादिया आरशासमोर गेली. क्राऊन डोक्यावर ठेवला, जरा मागे सारला, केसांत पिन लावली. आईकडे वळून म्हणाली, "बोंबील क्वीनपेक्षा फोडणी क्वीन बरं. वांद्रेवाल्यांना भूक तरी लागेल." टेरेझाबाई उठल्या आणि पिन काढून नीट लावून दिली. मग पुन्हा काढली, पुन्हा लावली.

शनिवारी चर्चमध्ये ती तोच क्राऊन घालून आली. वांद्र्याच्या दोन कझिन्सनी टेरेझाबाईंना गाठून फुलं कुठल्या दुकानातली म्हणून विचारलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण दहाही बोटं पसरलेली मी लांबून पाहिली. मोझेसभाऊंनी नंतर सांगितलं, की फोटो काढताना स्टीवन नादियाच्या डोक्याजवळ वाकला आणि जेवायला डाळ आहे का म्हणून विचारू लागला.

टेरेझाबाई अजून दर हंगामात पाकळ्या घेऊन आमच्या गॅलरीत येतात. आत येतात, नाकाला पदर लावतात, आणि मी रागावले की हसतात. भाईंदरच्या मागण्या इथूनच परस्पर जातात. उत्तनच्या नवरीचा क्राऊन असला तर मात्र त्या तो आधी घरी नेतात आणि दोन दिवस वलांडीला टांगून ठेवतात, हिंग जावा म्हणून.